सॉर्टेक्सचा तांदूळ आणि ताटात मोजलेले दाणे

मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात तांदळाचा भाव विचारला, की दुकानदार भाव सांगण्याआधी "सॉर्टेक्स पाहिजे की साधा?" असे विचारतो. पोत्यांवरही ‘सॉर्टेक्स’, क्वचित ‘डबल सॉर्टेक्स’ असे ठळक छापलेले असते, आणि तो तांदळाचा एखादा वाण असावा किंवा निदान एखादी प्रत असावी, असे घेणाऱ्याला वाटावे इतक्या सहजतेने तो शब्द तिथे वावरत असतो. वास्तविक ते एका कंपनीचे नाव आहे. बियाण्यांच्या व्यापारातल्या एका इंग्रज पेढीतून १९४७ साली लंडनमध्ये ती निघाली, रंगावरून दाणे वेगळे करणारी यंत्रे ती बनवू लागली, आणि पुढे स्वित्झर्लंडच्या ब्यूलर उद्योगसमूहात सामील झाली. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणणाऱ्या आपल्या लोकांनी तिच्या नावाचेही तेच केले. आज गिरणीत चीनच्या हफेई शहरातून आलेले यंत्र असो, जपानी असो वा बंगळुरूचे असो, त्यातून निघालेला तांदूळ ‘सॉर्टेक्स’च असतो. कामगार तर "माल सॉर्टेक्स करून घेतला" असे त्याचे क्रियापदही करतात.

या यंत्राशी माझा संबंध आला तो उतारवयात. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाच्या उपकरणांवर पस्तीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो आणि कोथरूडच्या घरात नातवंडांची खेळणी दुरुस्त करू लागलो, तेव्हा कामशेतजवळ भाताची लहानशी गिरणी चालवणाऱ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, जुना कलर सॉर्टर मिळतोय, पण मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही एकदा येऊन बघून जा." एकदा म्हणून गेलो आणि मग दिवाळीनंतरचा सगळा हंगाम जात राहिलो. जे पाहिले आणि जे मोजले, ते इथे लिहून ठेवतो आहे, कारण या यंत्राविषयी मराठीत बोलणारे पुष्कळ भेटले, पण लिहिलेले फारसे हाती लागले नाही.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. शिजताना ते बरोबरच आहे, कारण भांड्यातली सगळी शिते एकाच आचेवर शिजत असतात. कोरड्या तांदळाला मात्र हा न्याय लागू पडत नाही. एका मुठीत शंभर दाणे स्वच्छ निघाले म्हणून एकशेएकावा काळा नसेल, असे कोणी सांगावे? त्यासाठी प्रत्येक दाणा पाहावा लागतो, आणि पूर्वी घरातल्या बायका परात मांडीवर घेऊन तेच करत असत. गिरणीत हे किती अवघड आहे, याचा हिशेब पाहा. मध्यम दाण्याच्या हजार तांदळांचे वजन साधारण २० ग्रॅम धरले, तर एका किलोत सुमारे ५० हजार दाणे भरतात आणि एका टनात पाच कोटी. तासाला एक टन तांदूळ निवडायचा म्हटले, तर दर सेकंदाला जवळजवळ १४ हजार दाणे एकेक करून पाहावे लागतील. मामेभावाची गिरणी लहान म्हणून एक टन. मोठ्या गिरण्यांत याच्या कित्येक पट माल जातो.

गिरणीत या यंत्राची जागा जवळजवळ शेवटची असते. भात आधी चाळणीतून आणि खडे काढणाऱ्या यंत्रातून जाते, मग रबरी रूळांच्या शेलरमध्ये त्याचे तूस निघते, तूस न निघालेले भात वेगळे होऊन परत शेलरकडे जाते, उरलेल्या तपकिरी तांदळावरचा कोंडा घासून काढला जातो, पॉलिश होते, कणी चाळून वेगळी होते आणि मग कुठे तांदूळ कलर सॉर्टरच्या वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या डब्यात, पडतो. शंभर किलो भातातले साधारण वीस किलो तुसात आणि सात-आठ किलो कोंड्यात गेलेले असतात. म्हणजे सॉर्टरपाशी पोहोचलेल्या दाण्यावर भावाची, विजेची आणि मजुरीची सगळी भर पडून चुकलेली असते, आणि म्हणूनच इथे चुकून फेकलेला चांगला दाणा गिरणीवाल्याला सर्वांत महाग पडतो. हे वाक्य मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा खटाटोप याच्याच भोवती फिरतो.

यंत्र समजायला कठीण नाही. हॉपरखाली थरथरणारी एक पन्हळ असते. ती तांदूळ एकावर एक न चढता पसरत पुढे ढकलते. तिथून दाणे एका उंच, तिरक्या, गुळगुळीत घसरगुंडीवरून खाली येतात आणि तिचे टोक सोडताना सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने एका पातळ पडद्यासारखे हवेतून पडतात. या पडद्याच्या पुढे आणि मागे काचेआड कॅमेरे असतात, दोन्ही बाजूंनी एलईडी दिव्यांचा सारखा प्रकाश असतो. हे कॅमेरे आपल्यासारखे चित्र पाहत नाहीत. ते केवळ एका आडव्या रेषेवर नजर ठेवून असतात आणि सेकंदाला हजारो वेळा ती रेषा वाचतात. सहा मिलिमीटर लांबीचा दाणा त्या रेषेसमोरून दीडदोन सहस्रांश सेकंदात निघून जातो, तेवढ्यात त्याचे चित्र रेषा रेषा जोडून तयार होते. दाण्याचा रंग किंवा उजेड ठरवलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर थोड्या खाली बसवलेल्या नोझलच्या रांगेतले नेमके त्याच्या समोरचे नोझल क्षणभर उघडते, दाबाखालच्या हवेचा फटका दाण्याला बसतो आणि तो पडद्यातून बाहेर, नाकारलेल्या मालाच्या डब्यात जातो. चांगला दाणा काहीच न होता सरळ खाली पडतो. पहिल्यांदा यंत्र चालू केले तेव्हा फुटाणे फुटल्यासारखा जो तडतडाट ऐकू आला, तो या नोझलच्या व्हॉल्व्हचा होता, आणि पुढे पुढे केवळ त्या आवाजावरून आज माल किती वाईट आहे, ते मामेभावाला गिरणीच्या दारातून कळू लागले.

यातली मला सर्वांत आवडलेली युक्ती पार्श्वभूमीची आहे. जुन्या यंत्रांमध्ये कॅमेऱ्यासमोर, दाण्यांच्या पलीकडे, एक पट्टी असते आणि तिचा उजेड चांगल्या तांदळाच्या उजेडाशी जुळवून ठेवतात. म्हणजे समोर चांगला दाणा आला काय आणि दोन दाण्यांमधली मोकळी जागा आली काय, कॅमेऱ्याला दोन्ही सारखेच. त्याला काही दिसतच नाही. दिसतो तो केवळ वेगळा दाणा. थोडक्यात, हे यंत्र तांदूळ ओळखत नाही, ते फक्त फरक ओळखते, आणि कशापासूनचा फरक, हे माणसाने ठरवून दिलेले असते. नव्या यंत्रांत रंगीत कॅमेरे आले, नमुन्याचे दाणे दाखवून ‘हा चांगला, हा वाईट’ असे शिकवण्याची सोय आली, आकारही तपासता येऊ लागला. तरीही चांगले कशाला म्हणायचे, हा प्रश्न यंत्राबाहेरचाच राहिला आहे.

आता वाईट म्हणजे काय ते पाहू. मावळात भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि अलीकडे परतीचा पाऊस नेमका तेव्हाच गाठतो. कापून शिवारात आडवे पडलेले भात भिजले, किंवा ओलसर भाताचा ढीग घालून ठेवला, की आतून ऊब सुटते आणि तांदूळ पिवळा पडतो. हा पिवळेपणा कितीही पॉलिश केले तरी जात नाही, कारण तो दाण्याच्या अंगात मुरलेला असतो. लोंबीवरचे ढेकणे दुधात आलेल्या दाण्यातला रस शोषतात, तिथे काळा ठिपका राहतो. लाल सालीचे रानटी भात शेतात मिसळलेले असले, तर तांदळावर तांबड्या रेघा दिसतात. शिवाय न भरलेले हिरवे दाणे, तूस न निघालेला एखादा भाताचा दाणा, तणाचे बी, मातीची गुठळी. आणि एक प्रकार असा, की ज्याला वाईट म्हणावे की नाही यावर आमच्या गिरणीत वाद झाले: खडूसारखा पांढरा दाणा. दाणा भरताना रात्री फार उकाडा असेल, तर पिठाचे कण आत घट्ट बसत नाहीत, मध्ये हवेच्या पोकळ्या राहतात, आणि त्या पोकळ्यांवर प्रकाश विखुरल्यामुळे काचेसारखा आरपार दिसायचा तो दाणा खडूसारखा दिसतो. समोरून प्रकाश टाकला, तर हा दाणा चांगल्यापेक्षाही पांढरा दिसतो. मागून प्रकाश आरपार सोडला, तर मात्र तो काळपट दिसतो. म्हणून अशा दाण्यांसाठी मागच्या दिव्याची वेगळी जुळणी करावी लागते. चवीत त्याने काही बिघडत नाही, फक्त गिरणीत तो जरा लवकर तुटतो. पण पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ तळहातावर पसरणाऱ्या गिऱ्हाइकाला तो डोळ्यांत खुपतो.

आता ताटातल्या दाण्यांकडे येतो. यंत्र बसवून आठ दिवस झाले तेव्हा मामेभाऊ खुशीत होता, कारण पुढून निघणारा इंद्रायणी तांदूळ मोत्यासारखा दिसत होता. मामी मात्र गप्प होत्या. वय पंचाऐंशी, दृष्टी चष्म्यासह शाबूत, आणि आयुष्यभर तांदूळ निवडलेला. त्यांनी नाकारलेल्या मालाच्या पोत्यातून वाटीभर तांदूळ घेतला, स्टीलच्या ताटात पसरला आणि बोटाने दाणे दोन बाजूंना सारायला सुरुवात केली. अर्ध्या तासाने त्यांनी मला हाक मारली. "अरे, हे बघ. तुझं यंत्र एका काळ्याबरोबर आठ-नऊ गोरे हाकलून देतंय." मी मोजले. त्यांचे म्हणणे खरे होते.

हा आकडा या यंत्राच्या सगळ्या व्यवहाराचे मूळ आहे. हवेचा फटका सुईसारखा नसतो; तो नेमक्या दोषी दाण्याबरोबर त्याच्या शेजारच्यांनाही उडवतो. माल जितका दाट सोडाल, तितके शेजारी जास्त. समजा शंभर किलोत तीन किलो दाणे दोषी आहेत आणि प्रत्येकामागे आठ चांगले जात आहेत, तर नाकारलेल्या डब्यात तीन अधिक चोवीस, म्हणजे सत्तावीस किलो माल जातो. चौथ्या हिश्शाहून अधिक तांदूळ खाद्याच्या भावाने विकायचा, तर गिरणी चालवायचीच कशाला? हेच प्रमाण एकास दोनवर आणले, तर डब्यात नऊ किलो जातात. आणि ते नऊ किलो यंत्राच्याच वेगळ्या घसरगुंडीवरून पुन्हा सोडले, तर त्यात दोषी दाणे एक तृतीयांश असल्यामुळे दुसऱ्या फेरीत एका दोषी दाण्यामागे एखादाच चांगला जातो; शेवटी खरोखर बाहेर पडतात ते सहा किलो, आणि त्यात चांगले केवळ तीन. दुसऱ्या फेरीत वाचलेले दाणे पुन्हा पहिल्या फेरीच्या सुरुवातीला मिसळायचे असतात, थेट तयार मालात नव्हे, कारण त्यांच्याबरोबर थोडे दोषीही वाचलेले असतात. आमच्या जुन्या यंत्रात दुसऱ्या फेरीची सोय होती, पण आधीच्या मालकाने ती घसरगुंडीदेखील पहिल्या फेरीलाच जोडून टाकली होती, म्हणजे तासाला जास्त माल निघावा म्हणून यंत्राचा अर्धा शहाणपणा काढून घेतला होता. ती जोडणी पूर्ववत करण्यात माझे चार दिवस गेले.

यंत्र विकणाऱ्याने तासाला किती टन निघतील हे सांगितले होते, आणि प्रत्यक्षात आम्हाला त्याच्या निम्मेच काढता येत होते. मामेभाऊ चिडून होता. त्याला फसवले गेले असे मी म्हणणार नाही, पण पूर्ण सांगितलेही गेले नव्हते. माहितीपत्रकातला टनांचा आकडा हा नेहमी ठरावीक वाणासाठी आणि येणाऱ्या मालात ठरावीक टक्केच दोष आहेत असे धरून दिलेला असतो. पावसात सापडलेल्या मावळी भाताचा माल त्या गृहीतात बसत नाही. दोष दुप्पट झाले, की नोझल दुप्पट वेळा उघडणार, शेजारी दुप्पट जाणार, आणि नुकसान आधीइतकेच ठेवायचे तर माल निम्मा सोडावा लागणार. यंत्र घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न ‘तासाला किती टन’ हा नसून ‘किती दोषांच्या मालात, एकास किती या प्रमाणाने, किती टन’ हा आहे. माझ्या मते, आपल्याच गिरणीतले दोन पोती तांदूळ बरोबर नेऊन, ते समोर चालवून, नाकारलेला माल ताटात मोजल्याशिवाय कोणी पैसे मोजू नयेत. मामींसारखे कोणी बरोबर नेता आले, तर उत्तम.

संवेदनशीलता वाढवली, की आणखी फिकट डागाचे दाणे पकडले जातात, पण त्यांच्याबरोबर निर्दोष दाण्यांचाही बळी जातो, आणि कमी केली की उतारा वाढतो पण एखादा पिवळा दाणा पोत्यात जातो. हे बटण कुठे ठेवायचे, याचे एकच उत्तर नाही. आपल्याकडे सरकारी खरेदीच्या मापदंडात कच्च्या तांदळात रंग बदललेले दाणे ३ टक्क्यांपर्यंत चालतात. जपानमध्ये पहिल्या प्रतीच्या तपकिरी तांदळात रंगीत दाण्यांची मर्यादा ०.१ टक्का आहे, म्हणजे हजारात एक. तिथल्या ढेकण्यांनी डागाळलेल्या दाण्यांपायी शेतकऱ्याची प्रत खाली उतरते. दोन देशांतले लोक तांदूळच खातात, पण नजरेला काय खपते यात तीसपट अंतर आहे. भुईमुगात गोष्ट वेगळी आहे. तिथे रंग बदललेल्या शेंगदाण्यात बुरशीचे विष असण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे तो दाणा काढणे हा आरोग्याचा प्रश्न होतो. तांदळात बहुतेक वेळा तो केवळ दिसण्याचा असतो, हे गिरणीवालेही खाजगीत कबूल करतात.

रंगावरून दाणे निवडण्याची कल्पना तांदळासाठी निघालेलीही नव्हती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९३० च्या दशकात वाळवलेल्या घेवड्याचे दाणे निवडण्यासाठी विजेवर चालणारी, प्रकाश ओळखणाऱ्या नळीची यंत्रे वापरात आली. त्यांत दाणा एकेक करून नळीसमोरून जात असे. घेवड्याला ते परवडते, कारण त्याचा दाणा मोठा आणि किलोत कमी. तांदळाचा दाणा इतका लहान, की पडदा करून अनेक दाणे एकदम पाहता येऊ लागले तेव्हाच हे यंत्र भाताच्या गिरणीत खऱ्या अर्थाने शिरले.

रोजच्या चालवण्यात कॅमेऱ्यापेक्षा हवाच अधिक त्रास देते. यंत्र स्वतः थोडी वीज घेते, पण त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर त्याच्या कित्येक पट वीज खातो. शिवाय मावळातली दमट हवा दाबली, की तिच्यातले पाणी सुटते. ते कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचले, की नोझल चिकटते, उशिरा उघडते, आणि दोषी दाणा निसटून त्याच्यामागचा निर्दोष दाणा मार खातो. आमच्या यंत्राचे काही नोझल असेच उशिरा उघडत होते. आधी मी कॅमेऱ्याची जुळणी बदलत बसलो, दोन दिवस वाया घालवले, आणि मग हवा कोरडी करणाऱ्या यंत्राची टाकी उघडली तेव्हा आत वाटीभर पाणी निघाले. दुसरा शत्रू कोंड्याची भुकटी. तिच्यात तेल असते, ती घसरगुंडीवर चिकटते, दाण्यांची घसरण तिथे अडखळते आणि ते नोझलसमोर थोडे उशिरा पोहोचतात. हवा सोडण्याची वेळ मात्र यंत्राने आधीच ठरवलेली असते. म्हणून घसरगुंडी गरम ठेवण्याची सोय काही यंत्रांत असते. काच पुसायला आपोआप फिरणारी पट्टी असते, तीही झिजते. दर पाळीला सुरुवात करण्याआधी दिवे लावून यंत्र थोडा वेळ तापू द्यावे, काच आणि घसरगुंडी कोरड्या मऊ फडक्याने पुसावी, हवेच्या टाकीचे पाणी सोडावे, हा नेम आता मामेभाऊ देवपूजेइतक्याच शिस्तीने पाळतो.

यंत्राला काय दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. तांदळाच्या रंगाची आणि आकाराची पांढरी गारगोटी साध्या कॅमेऱ्याला तांदूळच वाटते. तिच्यासाठी आधीचे खडे काढणारे यंत्र, जे वजनावर चालते, तेच कामाचे. महागड्या यंत्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे कॅमेरे असतात. तांदळाचा पिष्टमय दाणा तो प्रकाश एका प्रकारे शोषतो आणि दगड, काच किंवा प्लास्टिक दुसऱ्या प्रकारे, त्यामुळे ते ओळखू येतात. तुटलेला दाणा रंगाने शुद्धच असतो, म्हणून कणी वेगळी करण्याचे काम चाळणीचे आणि लांबी मोजणाऱ्या खाचांच्या फिरत्या नळकांड्याचे. लग्नाच्या अक्षतांना अखंड तांदूळ लागतो, नावातच ‘क्षत नसलेले’ असे आहे. तो सॉर्टेक्स केलेला आहे म्हणून अखंड असेल, असे कोणी समजू नये. वाणही या यंत्राला कळत नाही. आंबेमोहोराच्या नावाने बाहेरून आलेला तसाच बारीक, आखूड तांदूळ विकला जातो, ही पुण्यातल्या गिऱ्हाइकांची जुनी तक्रार आहे; दोन्ही तांदूळ मिसळून या यंत्रातून सोडले, तर एकही दाणा बाजूला पडणार नाही. मोहोराचा तो वास शेवटी शिजतानाच कळतो.

इंद्रायणीबाबत आमची खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण १९८७ मध्ये प्रसारित झाला, आणि आज मावळात शेतकरी, गिरणीवाला आणि पुण्यातला खाणारा, तिघांचाही तो लाडका आहे. अलीकडे शहरातून कमी पॉलिशच्या, हातसडीसारख्या इंद्रायणीला मागणी येऊ लागली. दाण्यावर कोंड्याच्या फिकट तपकिरी रेघा राहिलेल्या, तूप टाकले की भात दाण्यादाण्याने खमंग लागणारा. हा तांदूळ पॉलिशच्या जुळणीवर सॉर्टरमध्ये सोडला, तेव्हा तडतडाट इतका वाढला, की मामेभाऊ धावत आला. यंत्राने जवळपास निम्मा माल डागाळलेला ठरवून बाहेर फेकला होता. त्याचे काही चुकले नव्हते. पांढऱ्यापासूनचा फरक म्हणजे दोष, हे त्याला आम्हीच सांगितले होते, आणि जो कोंडा खाण्यासाठी लोक जास्त पैसे मोजत होते, तोच त्याला दोष दिसत होता.

असाच एक प्रकार रेशनच्या तांदळात घडला, तो सहज आठवला म्हणून सांगतो. रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेले पिठाचे कृत्रिम दाणे शंभर किलोला एक किलो या प्रमाणात घातले जाऊ लागले. तशी घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून झाली होती. हे दाणे नेहमीच्या तांदळापेक्षा किंचित वेगळे दिसतात, म्हणून ते मिसळण्याचे यंत्र सॉर्टरनंतर, अगदी शेवटी बसवले गेले. सॉर्टरच्या आधी मिसळले असते, तर शासनाने घातलेले दाणे यंत्राने काढून टाकले असते. आणि यंत्राच्या तावडीतून सुटलेले ते दाणे घरोघरी बायका ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून टाकत, ही वेगळीच गंमत.

कमी पॉलिशच्या इंद्रायणीसाठी मग वेगळी जुळणी करावी लागली. रेघांचा तपकिरी रंग चालेल, पण काळा ठिपका आणि सगळा दाणा पिवळा पडलेला असेल तर चालणार नाही, असा भेद जुन्या यंत्राला शिकवणे सोपे नव्हते, कारण त्याचे कॅमेरे रंग फार बारकाईने पाहणारे नाहीत. रेघ अरुंद असते आणि ठिपका गडद असतो, एवढ्याच आधारावर, दोष किती मोठा आणि किती गडद असला तरच नोझल उघडायचे, याच्या मर्यादा बदलत बदलत आम्ही पाच दिवस घालवले. दर फेरीनंतर वाटीभर माल ताटात, आणि ताट मामींच्या पुढे. सहाव्या दिवशी त्यांनी मोजून एकास तीन असे सांगितले आणि चहा मागवला. ही जुळणी यंत्राच्या आठवणीत तिसऱ्या क्रमांकावर साठवली आहे. पहिला क्रमांक पॉलिश केलेल्या इंद्रायणीचा, दुसरा आंबेमोहोराचा.

खडूसारख्या दाण्यांचा वाद अखेर बाजारानेच निकालात काढला. मी ते दाणे राहू द्यावेत या मताचा होतो, मामेभाऊही त्या बाजूला झुकला होता, आणि आम्ही मागच्या दिव्याची जुळणी सैल करून काही पोती पाठवली. कोथरूडमधल्या एका दुकानदाराने त्यातली दोन परत केली. तांदूळ ‘मिक्स’ दिसतो, असे त्याचे म्हणणे. तो तांदूळ मी घरी शिजवून खाल्ला, शेजाऱ्यांनाही दिला, कोणाला काही वेगळे जाणवले नाही. तरीही दुकानात जाणाऱ्या मालासाठी मामेभावाने जुळणी पुन्हा घट्ट केली. ओळखीच्या घरांना थेट जाणाऱ्या दहा-दहा किलोंच्या पिशव्या मात्र सैल जुळणीवर भरल्या जातात, त्यांवर ‘सॉर्टेक्स’ असे छापलेले नसते, आणि किलोमागे भाव थोडा कमी असतो. दुसऱ्या फेरीतून शेवटी जो माल उरतो, त्यातला काळा आणि पिवळा कोंबड्यांच्या खाद्याला जातो. खडूसारखे दाणे ज्या दिवशी जास्त निघतात, त्या दिवशीची दोन पायली मामी बाजूला काढून ठेवायला लावतात. उन्हाळ्यात त्याच्या फेण्या होतात.